झेंड्याची वाटणी

झेंडा वाटून घ्यायचा नसतो. पंचाहत्तरीला आल्यावर हे वाक्य मला माझ्याच माहेरच्या माणसांसाठी लिहावं लागतंय. पितळी हंडे वाटा, जातं वाटा, माजघरातलं शिसवी कपाट कोणाकडे जाणार यावरून चार दिवस अबोला धरा, मला काही म्हणायचं नाही. भाऊबंदकी काही आपल्या घरात नव्याने आलेली नाही. पण ज्या कापडासमोर उभं राहताना आपले आजोबा टोपी सरळ करायचे, त्या कापडाचे पाच तुकडे करून पाच फ्रेमा करायच्या हा विचार ज्याच्या डोक्यात आला, तो माझ्या वर्गात असता तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

ब्लॉगवरच्या मित्रमैत्रिणींसाठी थोडा खुलासा. शहाद्याचं आमचं जुनं घर पाडून तिथे इमारत बांधायचं ठरलंय. सामान काढताना माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या पंचांगांच्या खाली, मांजरपाटात गुंडाळलेला एक झेंडा निघाला. मला तो माहीत होता. मोठी आई, म्हणजे माझी आजी, दरवर्षी दसऱ्याच्या आवराआवरीत तो बाहेर काढून ओसरीवर सावलीत वारा द्यायची आणि वेखंडाची पुरचुंडी बदलून परत ठेवून द्यायची. खादीचा झेंडा. तीन पट्टे हाताने जोडलेले, मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर निळा चरखा. लांबी साधारण तीन हात, रुंदी दोन हात. केशरी रंग उडून विटकरी झालाय, एका कडेला कसर लागली आहे, आणि खालच्या कोपऱ्यात परटाने बिब्ब्याने घातलेली काळी खूण आहे. ती खूण लक्षात ठेवा, तिच्याबद्दल पुढे सांगायचं आहे.

झेंडा निघाला आणि घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन ठराव आले. पहिला ठराव: आजोबांचे वारस पाच, तेव्हा झेंड्याचे पाच भाग करावेत, प्रत्येकाने काचेच्या फ्रेममध्ये लावावा, मागून दिवा सोडावा, म्हणजे ‘दिवाणखान्यात उठून दिसेल’. दुसरा ठराव माझ्या अमेरिकेतल्या भाच्याचा. तो म्हणतो कापू नका, अख्खा मला द्या, मी इतरांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो आणि तो इथे उत्तम सांभाळतो. मी दोन्हींना नाही म्हटलं. तेव्हा कोणीतरी (नाव लिहीत नाही, घरात सुना-नातवंडं वाचतात) हळूच टाकलं, की आत्या तर लग्न होऊन गेल्या, त्यांचा यात काय संबंध?

संबंध असा. वाटणीत मला काही नको. पण त्या झेंड्याला वारा देताना मोठी आईच्या शेजारी बसलेली माणसं आज किती जिवंत आहेत ते मोजा. मी एकटी आहे. तेव्हा माझं ऐकून घ्या, मग पटलं नाही तर पटलं नाही म्हणा.

आधी भाच्याबद्दल, कारण या सगळ्यात शहाणा तोच आहे आणि माझं खरं भांडण त्याच्याशीच आहे. तो बोस्टनजवळ राहतो. गेली बरीच वर्षं त्याला जुन्या अमेरिकन जहाजांवरच्या वस्तूंचा आणि झेंड्यांचा नाद आहे. होकायंत्रं, जहाजावरचे कंदील, कप्तानांच्या रोजनिशा, देवमाशाच्या दातावर खलाशांनी सुईने कोरलेली चित्रं. तापीकाठच्या मुलाला समुद्राचं वेड कुठून लागलं देव जाणे! मी तिकडे गेले होते तेव्हा त्याच्या तळघरात बसून त्याने मला एकेक वस्तू दाखवली होती. नादी माणूस मला आवडतो. नाद नसलेली माणसं निवृत्तीनंतर फार त्रास देतात.

तर झेंडा कापण्याबद्दल मी जे सांगणार आहे, ते त्यानेच मला शिकवलं आहे.

अमेरिकेचं राष्ट्रगीत ज्या झेंड्यावरून लिहिलं गेलं, तो झेंडा अजून आहे. बाल्टिमोरच्या मेरी पिकर्सगिल नावाच्या बाईंनी १८१३ मध्ये तो शिवला. फोर्ट मॅकहेन्री या किल्ल्यासाठी, तीस फूट बाय बेचाळीस फूट. आमचं अख्खं शहाद्याचं घर त्याखाली झाकलं गेलं असतं. सप्टेंबर १८१४ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने त्या किल्ल्यावर रात्रभर तोफा डागल्या, आणि सकाळी किल्ल्यावर झेंडा अजून आहे हे पाहून फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाला कविता सुचली. लढाईनंतर तो झेंडा किल्ल्याचा अधिकारी मेजर आर्मिस्टेड याच्या घरी राहिला. त्याच्या मागे बायकोकडे, मग मुलीकडे. आणि मग काय झालं? लोक यायचे, आठवण म्हणून एक तुकडा मागायचे. कोणी लढाईत होता, कोणी मोठ्या हुद्द्यावरचा, कोणाला नाही म्हणणार! घरच्यांनी प्रेमाने, अभिमानाने कात्री चालवली. आज तो झेंडा तीस बाय चौतीस फूट उरला आहे. काही वाऱ्याने गेलं असेल, पण बराचसा कात्रीने गेला. पंधरा ताऱ्यांपैकी एक अख्खा तारा कापून कोणाला तरी दिलेला आहे, आणि त्या तारेच्या जागी आता भोक आहे.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात तो आहे. मेजरच्या नातवाने १९०७ मध्ये तो ठेवायला दिला आणि १९१२ मध्ये कायमचा देऊन टाकला. नातू शहाणा निघाला. त्याने अट घातली की आता हा इथून हलवायचा नाही. वाटत बसलेल्या दोन पिढ्यांनंतर तिसऱ्या पिढीला हे सुचलं.

त्या कापलेल्या तुकड्यांचं काय झालं? काही हरवले, काही पुन्हा गोळा झाले, काही अजूनही लिलावात येतात. हातभर फडक्याच्या शेजारी एक चिठ्ठी, की हा त्या झेंड्याचा तुकडा. चिठ्ठी हरवली की ते नुसतं लोकरीचं फडकं. तुमच्या पाच फ्रेमांचं असंच होणार आहे. ज्याच्या वाट्याला चरखा येईल त्याची फ्रेम राहील. ज्याच्या वाट्याला नुसता हिरवा कोपरा येईल त्याची सून दहा वर्षांनी विचारेल, की हा हिरवा रुमाल भिंतीवर का लावलाय? चरखा कोणाला देणार हेही अजून ठरलेलं नाही ना? की चिठ्ठ्या टाकणार?

या मुद्द्यावर मला एक उत्तर आलं आहे. बोस्टनच्या बंदरात ‘कॉन्स्टिट्यूशन’ नावाचं १७९७ चं लाकडी लढाऊ जहाज आहे, आणि त्याच्या दुरुस्तीसाठी पैसे उभे करताना त्याच्याच लाकडाचे तुकडे लोकांना आठवण म्हणून विकले होते, मग आपण का नाही, असं कोणीतरी भाच्याकडून ऐकून मला कळवलं. गोष्ट खरी आहे. १९२० च्या दशकात ते जहाज इतकं कुजलं होतं की तरंगेल की नाही ही शंका होती. त्या वेळी शाळेतल्या मुलांनी पेनी पेनी जमवली (हे वाचून मला फार बरं वाटलं होतं, आमच्या शाळेत पूरग्रस्तांसाठी मुलं चार चार आणे आणायची तसं), आणि निघालेल्या लाकडाच्या वस्तू करून विकल्या. पण नीट वाचा. विकलं ते बदलून काढलेलं कुजकं लाकूड. जहाज वाटलं नाही. ते लाकूड विकून जहाज अख्खं ठेवलं, आणि ते आजही बंदरात उभं आहे. तुम्ही झेंडा कापून कशाची दुरुस्ती करणार आहात? इमारतीच्या लिफ्टची?

आता मला जास्त खटकलेली गोष्ट. ग्रुपवर झेंड्याचा फोटो आला आणि दुसऱ्या दिवशी त्याखाली मजकूर फिरायला लागला, की हा ९ सप्टेंबर १९४२ च्या नंदुरबारच्या मिरवणुकीतला झेंडा, हुतात्मा शिरीषकुमारच्या मिरवणुकीत आपल्या आजोबांच्या हातात होता. तिसऱ्या दिवशी तो ‘शिरीषकुमारच्या हातातला’ झाला. चौथ्या दिवशी त्यावरचा डाग रक्ताचा झाला!

हे ताबडतोब थांबवा.

शिरीषकुमार मेहता पंधरा वर्षांचा होता. नंदुरबारच्या माणिक चौकात पोलिसांच्या गोळ्यांनी तो पडला, आणि त्याच्याबरोबर लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही मुलं. पाच मुलं, आपल्या जिल्ह्यातली. मी नोकरीची सगळी वर्षं ९ सप्टेंबरला वर्गात ही पाच नावं मुलांकडून म्हणून घेतली आहेत. त्यांच्या रक्ताचा डाग आपल्या ट्रंकेतल्या कापडावर फुकट चिकटवून घ्यायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आजोबा मला मांडीवर बसवून चळवळीच्या गोष्टी सांगायचे. प्रभातफेरीच्या सांगायचे, मीठ आणि सूत यांच्या सांगायचे. त्या दिवशी मी नंदुरबारात होतो असं ते एकदाही म्हणाले नाहीत. असते तर म्हणाले असते, ते काही गप्प बसणारे नव्हते.

घराण्याचा अभिमान मोठा चमत्कारिक असतो. अमेरिकेचा पहिला झेंडा बेट्सी रॉस नावाच्या शिंपिणीने वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून शिवला, ही गोष्ट तिथल्या शाळांत मुलांना सांगतात. ती पहिल्यांदा जाहीरपणे कोणी सांगितली? तिच्याच नातवाने, १८७० मध्ये, म्हणजे घडल्याच्या जवळजवळ शंभर वर्षांनी. पुरावा काय, तर घरातल्या बायका असं सांगायच्या. कागद एकही नाही. बाई झेंडे शिवायची हे खरं, पण तो पहिला झेंडा तिचाच, हे सिद्ध करता आलेलं नाही. आपली मुंबईही यातून सुटलेली नाही. वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं ‘मिंडेन’ नावाचं जहाज १८१० मध्ये पाण्यात उतरलं, आणि अमेरिकेचं राष्ट्रगीत त्या जहाजावर लिहिलं गेलं असं आपल्याकडे छाती फुगवून सांगतात. तो वकील त्या रात्री कैद्याच्या सुटकेच्या बोलणीसाठी आलेल्या स्वतःच्या अमेरिकन जहाजावर होता. वाडियांची जहाजं इतकी उत्तम होती की त्यांना या थापेची गरजच नाही. त्यांचंच १८१७ चं ‘ट्रिंकोमाली’ दोनशे वर्षांनंतरही इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या बंदरात उभं आहे.

भाच्याने मला तेरा ताऱ्यांची गंमत सांगितली होती. अमेरिकेत पहिली संस्थानं तेरा, म्हणून तेरा ताऱ्यांचा झेंडा दिसला की नवशिक्या माणसाला वाटतं हा स्वातंत्र्ययुद्धातला, आणि तो खिसा मोकळा करतो. प्रत्यक्षात त्यांच्या आरमारातल्या लहान होड्यांवर तेरा ताऱ्यांचे झेंडे १९१६ पर्यंत लावत होते, कारण छोट्या कापडावर जास्त तारे मावत नाहीत, दिसत नाहीत. शिवाय १८७६ मध्ये स्वातंत्र्याची शंभरी झाली तेव्हाही तसे पुष्कळ झेंडे शिवले. म्हणजे तारे मोजून काही कळत नाही. शिवण बघायची, धागा बघायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो कोणाच्या हातून कोणाच्या हातात आला ते विचारायचं. हे ज्ञान त्याला फुकट मिळालेलं नाही. सुरुवातीला त्याने एका विक्रेत्याकडून जुनं इंग्रजी सेक्स्टंट म्हणून एक पितळी यंत्र घेतलं होतं, वर लंडनच्या कारखान्याचं नाव कोरलेलं. ते निघालं आपल्याकडचं! रुरकीला अशा पितळी दुर्बिणी, होकायंत्रं, सेक्स्टंट शोभेच्या वस्तू म्हणून ढिगाने बनतात. बनवणारे बिचारे नवी म्हणूनच विकतात, पुढे हात बदलता बदलता ती जुनी होतात. तेव्हापासून हा कागद असल्याशिवाय वस्तूला हात लावत नाही.

मग माझा प्रश्न असा, की परक्याच्या झेंड्याला जो न्याय लावतोस, तो आपल्या घरच्या झेंड्याला का लावत नाहीस बाबा? त्या ‘रक्ताच्या डागा’च्या मजकुराखाली तूही हात जोडलेलं चित्र टाकलंस.

आपल्या झेंड्याबद्दल जे खात्रीने सांगता येतं ते एवढंच. मधे चरखा आहे आणि पट्टे केशरी-पांढरा-हिरवा आहेत, म्हणजे काँग्रेसने १९३१ मध्ये ठरवलेला हा नमुना. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतलं. तेव्हा झेंडा बहुधा या सोळा वर्षांतला. मोठी आईच्या जमाखर्चाच्या एका वहीत ‘निशाणाची खादी’ अशी नोंद आहे, पुढे रक्कम आहे. वहीचं पुठ्ठं आणि पहिली पानं गेली आहेत, त्यामुळे वर्ष लागत नाही. अक्षर तिचंच आहे. आणि ती बिब्ब्याची खूण. आमच्या घरच्या परटाची खूण कोणती होती हे मला माहीत आहे, कारण माझ्या परकरांवर तीच असायची. याचा अर्थ हा झेंडा धुवायला जायचा. आमच्या चादरी-धोतरांबरोबर गाठोड्यात बांधून जायचा आणि परत यायचा. म्हणजे तो लावला जायचा, मळायचा, पुन्हा लावला जायचा. झेंडा नुसता घरात असणंसुद्धा जेव्हा धोक्याचं होतं, तेव्हा तो परटाच्या हातात देणारी बाई आणि तो गुपचूप धुऊन आणणारा परीट, या दोघांची गोष्ट त्या काळ्या खुणेत आहे. मला ती तुमच्या रक्ताच्या डागापेक्षा मोठी वाटते. आणि कोणीतरी विचारतंय, ‘तो कोपऱ्यातला डाग फ्रेम करण्याआधी ब्लीच करता येईल का?’ हात जोडते तुम्हाला.

आता भाच्याचा ठराव. तो अख्खा ठेवणार, सांभाळणार, पैसेही देणार. मग हरकत काय?

त्याचं म्हणणं मी त्याच्याच शब्दांत मांडते, म्हणजे अन्याय नको. ‘आत्या, तुमच्याकडे कोण सांभाळणार? शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं. ज्या विक्रांतने एकाहत्तरचं युद्ध पाहिलं, ती भंगारात गेली.’ खरं आहे. पदक २००४ मध्ये गेलं. विक्रांतचं तर मला आजही बोलवत नाही. १९९७ मध्ये निवृत्त झालेली युद्धनौका, मुंबईत काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी, शाळांच्या सहली जायच्या. २०१४ मध्ये सुमारे साठ कोटींना भंगारात विकून तोडली. तिचं पोलाद वितळवून मोटारसायकली काढल्या आणि लोकांनी हौसेने घेतल्या. वाडियांचं जहाज इंग्रजांनी दोनशे वर्षं ठेवलं, आणि आपण आपलं पन्नास-साठ वर्षंही ठेवलं नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही, फक्त संताप आहे.

पण म्हणून झेंडा बोस्टनला? तिथे तो कोणाला काय सांगणार? तुझ्या तळघरात तो देवमाशाच्या दाताशेजारी लागेल. पाहुण्यांना तू सांगशील, ते कौतुक करतील. तुझ्या मुलांना मराठी वाचता येत नाही (हा टोमणा नाही, वस्तुस्थिती आहे), मोठी आईची वही त्यांना वाचता येणार नाही. तुझ्यामागे ती मुलं घर आवरतील तेव्हा दलाल येऊन सगळ्याची एकदम किंमत करेल. ‘भारतीय झेंडा, जुना, कापसाचा.’ झालं. तू स्वतः असल्या घर-आवरणीतूनच कितीतरी वस्तू घेतल्या आहेस, तुला मी काय सांगावं!

आणि कायदा अडवेल म्हणून निश्चिंत राहू नका. पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा शंभर वर्षांच्या वस्तूंसाठी आहे. तसली वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आपला झेंडा बेचाळीसचा धरला तरी २०४२ पर्यंत तो त्या व्याख्येत बसत नाही. चळवळीच्या काळातल्या बऱ्याच वस्तूंचं असं आहे, आणि नेमक्या याच वर्षांत ते पाहिलेली माणसं संपली, जुनी घरं पडताहेत, गावोगाव जुनं सामान घेणारे फिरताहेत. समई आणि अडकित्त्याबरोबर चरखे, टोप्या, निशाणं चालली आहेत. कोणाला दोष द्यायचा? आपण दार उघडतो म्हणून ते आत येतात.

भाच्याने मला सेलमला नेलं होतं (तामिळनाडूतलं नव्हे, मॅसॅच्युसेट्समधलं). तिथल्या कप्तानांनी १७९९ मध्ये एक मंडळ काढलं. सभासद कोण, तर ज्याने केप ऑफ गुड होप किंवा केप हॉर्नला वळसा घातला तो. त्यांची जहाजं मुंबईला यायची. मुंबईत नसरवानजी माणेकजी वाडिया हे पारशी व्यापारी त्यांचं काम बघायचे. त्यांनी आपला पोशाख त्या मंडळाला भेट पाठवला होता. हे कप्तान जगभरातून वस्तू आणायचे, पण आणून घरी ठेवायचे नाहीत, मंडळात द्यायचे. आणि त्याची यादी करायचे, वस्तू काय आणि दिली कोणी. १८२१ मध्ये ती छापलीसुद्धा. व्यापारी माणसं, हिशेबाची सवय! त्या मंडळाचं पुढे मोठं संग्रहालय झालं. भाचा मला हे सगळं मोठ्या कौतुकाने दाखवत होता. तो पाहतो त्या कप्तानांच्या वस्तू, मी पाहते ती त्यांची यादी.

किमतीचा मोह होतोय म्हणून तेही सांगते. २००६ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातले चार झेंडे लिलावात गेले, एक कोटी चौऱ्याहत्तर लाख डॉलरना. टार्लटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते १७७९-८० मध्ये लढाईत पकडले होते आणि सव्वादोनशे वर्षं त्याच्या घराण्यात राहिले होते. न कापता. पैशाच्या हिशेबाने पाहिलंत तरी कात्री मूर्खपणाची आहे. आपल्या झेंड्याला तसलं काही मोल नाही, तेव्हा त्या स्वप्नात कोणी राहू नका.

माझं म्हणणं आहे की झेंडा धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाला द्यायचा, त्यांना विचारून. ‘धुळ्याला का, नंदुरबारला का नाही’ हा प्रश्न येणारच. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. झेंडा शिवला तेव्हा नंदुरबार आणि शहादा पश्चिम खानदेशात होते आणि कचेरी धुळ्यालाच होती. इतिहासाचार्य राजवाडे गेल्यावर १९२७ मध्ये लोकांनी ते मंडळ उभारलं, त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद सांभाळण्यासाठी. कागद कसे ठेवायचे हे त्यांना कळतं, आणि आपल्याला झेंड्याबरोबर वहीही द्यायची आहे. उद्या नंदुरबारला चांगलं संग्रहालय झालं तर तिकडे द्यावा, अशी अट लिहून घेऊ. स्मिथसोनियनला नातवाने अट घातली तशी.

सरकारी-संस्थात्मक कारभाराच्या कहाण्या मला सांगू नका, मी छत्तीस वर्षं त्यातच काढली. पण पुण्याचे काका केलकर आठवा. त्यांनी आयुष्यभर देशभर हिंडून दिवे, अडकित्ते, दरवाजे, वाद्यं जमवली, पदरचे पैसे घालून. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने संग्रहालय केलं, आणि १९७५ मध्ये सगळं महाराष्ट्र सरकारला देऊन टाकलं. संग्राहक असावा तर असा. माझ्या विद्यार्थ्यांची सहल तिथे गेली होती तेव्हा वरखेड्याचा एक मुलगा एका दिव्यासमोर उभा राहून म्हणाला, ‘बाई, असाच आमच्याकडे आहे.’ तुझ्या तळघरात असं कोण म्हणणार?

एक फाटा राहिला. वहिनींच्या भावाने कळवलंय की फाटका झेंडा घरात ठेवू नये, ध्वजसंहितेप्रमाणे सन्मानाने जाळावा. त्यांचा हेतू चांगला आहे. पण ती संहिता भारताच्या राष्ट्रध्वजाची आहे, अशोकचक्र असलेल्या. आपला त्याच्या आधीचा, चळवळीतला झेंडा आहे. जुना झाला म्हणून तो जाळायचा तर मग आजोबांचे फोटोही जाळा.

निर्णय होईपर्यंत तरी एवढं करा. झेंडा धुऊ नका, परीटच काय, वॉशिंग मशीनही नको. इस्त्री करू नका. कसर लागलेली कड शिवू नका. त्या अमेरिकन झेंड्याला १९१४ मध्ये चांगल्या हेतूने लिननचं अस्तर लावलं होतं, सतरा लाख टाके घालून. पुढे जाणकारांना ते टाके एकेक करून कापत बसावं लागलं. झेंड्याला डांबरगोळ्या नकोत, प्लास्टिकची पिशवी तर अजिबात नको, आणि भिंतीवरच्या उजेडात नको. धुतलेल्या, नीळ-खळ न लावलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून, घडी न घालता ठेवा. मोठी आई हेच करायची, तिने कुठलं संग्रहालय पाहिलं नव्हतं.

गणपतीला सगळे शहाद्यात जमणार आहात, घर पाडण्याआधीचा शेवटचा गणपती. तेव्हा धाकट्या भावाच्या मुलीने झेंड्याचे दोन्ही बाजूंनी चांगले फोटो काढावेत, त्या खुणेचाही, आणि पाचही घरांत एकेक मोठी प्रत द्यावी. फ्रेमा त्याच्या करा, मागून दिवा सोडा, माझी ना नाही. वहीतल्या त्या पानाचाही फोटो काढा. मी आठवतं तेवढं दोन पानांत लिहून आणते, वाचून ज्याला काही वेगळं आठवत असेल त्याने खाली आपल्या नावानिशी लिहावं, माझं खोडू नये. भाच्याने व्हिडिओवर हजर राहावं. तुझ्या तळघरातल्या वस्तूंना तू जो छापील तक्ता भरतोस, त्याची एक प्रत मला पाठव, आपण तोच मराठीत भरू. ट्रंकेची किल्ली सध्या मोठ्या वहिनींकडे आहे. वहिनी, ती तुमच्याकडेच राहू द्या, कोणी मागितली तरी.

ता. क. – मागच्या वेळी ज्यांनी प्रतिक्रियेत आपल्या घरच्या चरख्याबद्दल लिहिलं होतं, त्यांनी तो कोणाला दिला ते जरूर कळवावं.